बायडाबाईच्या दोन बुट्ट्या

शाहूपुरीतल्या गूळ बाजारात एका अडत दुकानावर मी हिशेबाच्या कामाला लागलो, तेव्हा माझ्या जेवणाची सोय बायडाबाई पोवार यांच्या खानावळीत झाली. ही गोष्ट शहात्तर सालची. खानावळीला पाटी नव्हती. पुढे एक लांबट खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, त्याच्यामागे परडं, म्हणजे मागचं अंगण. उद्यमनगरातले लेथवर काम करणारे, बाजारातले हमाल आणि माझ्यासारखे एकटे राहणारे कारकून अशी सगळी मंडळी तिथं जेवायची. सगळेजण बायडाबाईंना आक्का म्हणत. त्यांचे यजमान फौंड्रीत मोल्डर होते. ते वारल्यावर त्यांनी आधी डबे दिले, मग दारातच पंगत मांडली.

बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे वार. त्या दिवशी तांबड्या रश्श्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. पण बायडाबाईंच्या खानावळीचं नाव झालं होतं ते वेगळ्याच कारणानं. जिथं मटण शिजतं त्या घरात माळकरी माणूस पाणीसुद्धा पीत नाही, आणि इथं गळ्यात तुळशीची माळ असलेले आठ-दहा हमाल मटणाच्या दिवशीही आत स्वयंपाकघराच्या दाराशी वेगळ्या रांगेत बसून निवांत जेवत. त्यांची चूल वेगळी, भांडी वेगळी, पाण्याची घागरही वेगळी. बायडाबाई सकाळी अंघोळ करून आधी त्यांचा स्वयंपाक उरकत आणि मगच मटणाला हात लावत. माळकऱ्यांना वाढायचं कामही त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत. हात धुवून, पदर खोचून स्वतः वाढायच्या. पुढच्या खोलीत त्यांचा मुलगा बाळासो वाढायचा.

भाकरीच्या बुट्ट्या दोन होत्या. आमच्याकडे टोपलीला बुट्टी म्हणतात. माळकऱ्यांची बुट्टी खोल, तिच्या काठाला जाड दुहेरी वीण. मटणाच्या पंगतीची उथळ, साध्या काठाची. दोन्ही बांबूच्या, बुरूड गल्लीतल्या ज्ञानूनं विणलेल्या. मटणाच्या पंगतीच्या बुट्टीत रश्श्याचा हात जायचा, उरलेली भाकरी परत पडायची. म्हणून ती बुट्टी माळकऱ्यांच्या रांगेकडे कधीच जायची नाही. बाकीच्या जिनसांनाही अशाच वेगवेगळ्या टोपल्या. कांद्याला रुंद, मोकळ्या विणीची पाटी. लसणाला शिंदीच्या पात्यांची लहान टोपली, ती खुंटीला. वाळल्या मिरच्यांच्या बुट्टीला आतून-बाहेरून मेथी आणि कागदाचा लगदा लिंपलेला, त्यामुळे ती हाताला मडक्यासारखी गुळगुळीत लागायची. खोबऱ्याच्या वाट्यांची वेगळी, चिंचेची वेगळी. फळीवर नजर टाकली तर दोन टोपल्या एकसारख्या दिसायच्या नाहीत. मला नीटनेटकेपणाची आवड, त्यामुळे हा प्रकार मला आधी गबाळा वाटायचा.

तो गबाळेपणा नव्हता. बायडाबाईंना दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. उजेड कळायचा, माणसाची आकृती कळायची, आवाजावरून माणूस ओळखू यायचा. पण ताटात काय पडलं ते नीट दिसत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी मुलालाही सांगितली नव्हती. हात बुट्टीच्या काठावरून फिरला की आत काय आहे ते त्यांना कळायचं, आणि त्यावर सगळं स्वयंपाकघर चाललं होतं.

लपवण्याला कारण होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीचं गावाकडे एका शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तो डोळा गेला तो गेलाच. पुढं सुनांनी त्या बहिणीला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. बाहेरच्या सोप्यात एका कोपऱ्यात बसवून ठेवली. "कोपऱ्यातल्या पोत्यागत ठेवली बगा तिला," असं बायडाबाई सांगायच्या, ते बहिणीबद्दल सांगताहेत एवढंच आम्हाला वाटायचं. दिसत नाही हे कळलं असतं तर माळकरी त्यांच्या हातचं जेवले नसते, आणि चूल सुटली असती. एवढीच त्यांची धास्ती होती.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात बाळासोचं लग्न झालं. सून इचलकरंजीची, शालू नाव. तिचे वडील मागाच्या शेडमध्ये माग दुरुस्त करणारे जॉबर होते. लग्नात रुखवतावर तिनं मांडलेल्या वस्तूंत प्लास्टिकचा डबा, मग आणि परडी होती. गल्लीतल्या बायका ती परडी हातात घेऊन वाकवून बघत होत्या. मुलगी तरतरीत, बोलायला तिखट आणि कामाला वाघ. आल्या आठवड्यातच तिनं परड्यातला चर उकरून सांडपाण्याची वाट सरळ केली.

पहिल्याच पावसाळ्यात तिचं आणि टोपल्यांचं वाकडं आलं. बांबूला बुरशी चढली. मिरच्यांच्या बुट्टीचा तळ उंदरानं कुरतडला. आणि एके दिवशी उद्यमनगरातल्या एका फिटरच्या भाकरीत बांबूची बारीक सल निघाली. त्यानं ती बोटावर धरून सगळ्यांना दाखवली.

"वहिनी, दात कोरायला काडी आधीच दिलीसा व्हय? जेवण झाल्यावर द्यायची असती!"

पंगत हसली. शालू लाजेनं लालबुंद झाली.

त्याच आठवड्यात मीरासाब दारात आला. मीरासाबच्या घरी पिढीजात कल्हईचं काम. घरोघरी स्टीलची भांडी आली तसा कल्हईचा धंदा बसला, आणि मीरासाबनं सायकलला प्लास्टिकच्या बादल्या-टोपल्या लटकवून गल्लोगल्ली फिरायला सुरुवात केली. लांबून त्याची सायकल दिसायची नाही, रंगीत ढीग चालत आल्यासारखा वाटायचा.

"आक्का, हात लावून तर बगा," तो म्हणाला. "उंदराचा दात लागत न्हाय, पावसात बुरशी न्हाय. टाकली तर फुटत न्हाय, आपटली तर रडत न्हाय."

"तुझ्यागत निलाजरी हाय म्हण की," बायडाबाई म्हणाल्या.

"निलाजरं हाय म्हणून तर टिकतंय, आक्का. कल्हईला लाज हुती, घासली की जायची!"

शालूनं जाळीच्या सहा टोपल्या घेतल्या. तांबडी, हिरवी, पिवळी, निळी आणि दोन पांढऱ्या. एकाच साच्यातल्या, एकाच मापाच्या. तिनं वाटणीही लगेच ठरवली. माळकऱ्यांच्या भाकरीला हिरवी, मटणाच्या पंगतीला तांबडी, कांद्याला निळी, लसणाला पिवळी, आणि दोन पांढऱ्या टोपल्या खोबऱ्याला आणि मिरच्यांना. आता कुणी कशातही हात घातला तरी चूक व्हायला नको, असा तिचा विचार होता आणि तो बरोबरच होता.

पुढचं काही मी तिथं बसल्या बसल्या ऐकलं, काही शालूवहिनींनी नंतर सांगितलं.

बायडाबाईंना नाही म्हणायचं होतं, पण का नाही ते सांगता येत नव्हतं.

"त्याला वास मारतोय," त्या म्हणाल्या.

शालूनं चिंच-राखेनं घासून दोन दिवस उन्हात टाकल्या. "आता हुंगून बगा."

"भाकरी घामेजती त्यात."

"जाळी हाय की. वर आणि खाली कापडाचा धडपा घालतो."

"ज्ञानू काय म्हणंल? चंपासटीला नवी बुट्टी आणून देतो, घरचा असल्यागत जेवून जातो."

"जेवाय या म्हणा की त्याला. बुट्टी घेतली तरच जेवाण, असं हाय व्हय?"

"इचलकरंजीची फ्याशन कोल्लापुरात आणू नगंस."

"इचलकरंजीलाबी भाकरीच खात्यात, आत्या. प्लास्टिक न्हाईत खात."

बाळासो मध्येच म्हणाला, "आई, सल निघाली तवा सगळ्यांफुडं मान खाली गेली माझी. ऐक की जरा."

बायडाबाई शेवटी म्हणाल्या, "घाला काय घालायचं त्यात." जुन्या बुट्ट्या मात्र त्यांनी टाकू दिल्या नाहीत. धुवून, वाळवून माळ्यावर ठेवायला लावल्या.

त्यांनी मग दुसरी युक्ती काढली. डावीकडे माळकऱ्यांची, उजवीकडे मटणाची. त्यांच्या खाली कांदा, वर लसूण. काठ सगळे सारखे झाले म्हणून त्यांनी जागा पाठ केल्या. कुणी टोपली इकडची तिकडे केली की त्या ओरडायच्या. शालूला वाटायचं, सासूबाईंना आपलं प्लास्टिक अजून पटलेलं नाही, म्हणून ही कुरकुर. आम्हालाही तसंच वाटायचं. पण स्वयंपाकघर खरोखर स्वच्छ दिसू लागलं होतं. टोपल्या आठवड्यातून एकदा धुतल्या जायच्या, झुरळं कमी झाली होती, कांद्याचा पाला फळीवर पसरत नव्हता. फिटर आता शालूला चिडवत, "वहिनी, काडी बंद झाली व्हय? दात कशानं कोरू?"

असं जवळजवळ वर्ष सुरळीत गेलं.

माळकऱ्यांच्या रांगेत पहिल्या पाटावर केरबा बसायचे. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलून उचलून पाठीचा आकडा झालेले, साठीला आलेले, तोंडानं फटकळ हमाल. आमच्या पेढीवर त्यांचं रोज येणं. व्यापारी असो, मुनीम असो, कुणालाही ते तोंडावर सुनवायचे. बायडाबाईंना मात्र आदरानं 'तुमी' म्हणायचे. माळ घातल्यावर त्यांनी कोल्हापुरात बाहेर कुठं पाणी घेतलं नव्हतं, फक्त या घरात घेत होते.

एका बुधवारी दुपारची पंगत उठल्यावर शालूनं टोपल्या परड्यात धुतल्या आणि वाळल्यावर आणून फळीवर ठेवल्या. घाईत हिरवी उजवीकडे गेली, तांबडी डावीकडे. रंग दिसणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नव्हता. भाकरी भरताना तिनं रंग बघूनच भरल्या. रात्री बाळासोनं पुढच्या खोलीतली पंगत सुरू केली. तांबड्या टोपलीतनं दोन वेळा भाकरी नेली, उरलेल्या परत आणून टाकल्या, आणि टोपली होती तिथं म्हणजे डावीकडे ठेवली. मग हात धुवून बायडाबाई उठल्या. त्यांनी डावीकडची टोपली उचलली आणि माळकऱ्यांच्या रांगेकडे गेल्या.

मी पुढच्या खोलीत दाराच्या समोरच बसलो होतो. केरबांच्या ताटात झुणका, कांद्याची पात, दही. बायडाबाईंनी भाकरी ठेवली. केरबांनी ती मोडायला हात घातला आणि हात तिथंच थांबला. भाकरीच्या कडेला तांबड्या रश्श्याच्या कटाचा ठसा होता. अंगठ्याएवढा.

केरबांनी गळ्यातल्या माळेला हात लावला, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि उठले.

"काय झालं गा, केरबा?" बायडाबाईंनी विचारलं.

"पोट बरं न्हाय आज, आक्का."

"ताक तरी घे की."

"नगं."

ते चपला घालून निघून गेले. शेजारच्या दोघांनी त्यांच्या ताटात वाकून बघितलं आणि तेही उठले. बायडाबाई टोपली धरून तशाच उभ्या होत्या. कुणी कुणाकडे का बघतंय हे त्यांना कळत नव्हतं.

शालू ताट उचलायला आली. तिनं ठसा बघितला, सासूच्या हातातली टोपली बघितली. हळूच विचारलं, "आत्या, तुमच्या हातात कंची बुट्टी हाय?"

"हिरवी की," बायडाबाई म्हणाल्या.

टोपली तांबडी होती.

शालू क्षणभर सासूच्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग तिनं ती टोपली त्यांच्या हातातून काढून घेतली आणि रांगेत उरलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझी चूक झाली. धुतल्यावर म्याच अदलाबदली ठेवल्या बुट्ट्या. आत्यांच्या हातात म्याच दिली. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

दुसऱ्या दिवसापासून माळकऱ्यांची रांग रिकामी. बाजारात बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्या पेढीसमोर हमाल बसायचे तिथं बोलणं कानावर यायचं.

"सुनंनं बाटवलं म्हातारीचं घर."

"इचलकरंजीचं पाणी ते. रातपाळीला कोण काय खातंय, त्यास्नी कशाचं सवळं-ववळं!"

"प्लास्टिक आणलं घरात, तवाच म्हणलं हुतं म्या."

"तू कवा म्हणलास? त्या मीरासाबकडनं बादली तर तूच घेतलीस पयली!"

केरबा या बोलण्यात नसायचे. ते पंचगंगेत बुडी मारून आले, एक एकादशी जादा धरली, आणि दुसरीकडे कुठं जेवायला न जाता गूळ-शेंगांवर राहू लागले.

घरात काय चाललं होतं ते शालूवहिनींनी पुढं सांगितलं. त्या रात्रीच त्यांनी सासूला विचारलं, "किती दिसतंय?" बायडाबाई आधी रागावल्या, मग रडल्या. "बाळासोला सांगू नगंस. चूल काढून घेऊ नगंस माझी," एवढंच म्हणत राहिल्या. शालूनं शब्द दिला. माझ्या अंगावर घेतलंय न्हवं, बास, चार दिवसांनी लोक विसरतील, असं ती म्हणाली.

पण लोक विसरले नाहीत. शालू नळावर गेली की बायका घागर बाजूला सरकवायच्या. एकीनं तर विचारलं, "तुमच्यात बुधवारी माळकऱ्यास्नीबी पांढरा रस्सा देत्यात म्हणं?" शालूनं तिला तिथल्या तिथं उत्तर दिलं, पण घरी आल्यावर घागर आपटली. बायडाबाईंनी ते ऐकलं. त्या दिवशी त्यांनी भाकऱ्या थापल्या त्या एकसारख्या आल्या नाहीत, असं बाळासोच म्हणाला होता.

संध्याकाळी त्यांनी शालूला हाक मारली. "चल, लुगडं बदल. बाजारात जायाचं हाय."

"कशाला?"

"केरबाला सांगाय."

"काय सांगणार? आत्या, एकदा सांगितलं की झालं. परत माळकरी तुमच्या हातचं घेणार न्हाईत. कळतंय न्हवं?"

"कळतंय. पर तुला नळावर सुकानं पाणी भराय मिळंना झालंय, आणि मी चुलीफुडं बसून काय करू?"

मी पेढीवर वह्या मिटत होतो तेव्हा त्या दोघी आल्या. बायडाबाईंचा हात सुनेच्या खांद्यावर होता. तो हात तसा मी पहिल्यांदाच बघितला. केरबा रव्यांवर तरट टाकत होते. ते उठून उभे राहिले.

"आक्का? बाजारात कशापायी आलासा?"

"केरबा, तुला सांगाय आलोय. शालूची चूक न्हाय. मला दिसत न्हाय. दोन वरसं झाली, मोतीबिंदू हाय. बुट्टी म्या उचलली, मला तांबडी-हिरवी कळत न्हाय."

केरबांनी हातातलं तरट खाली टाकलं.

"दोन वरसं?" ते म्हणाले. "दोन वरसं आमास्नी वाढत हुतासा?"

"व्हय."

"आणि सांगितलं न्हाय."

"न्हाय."

"का पर? एका शबुदानं सांगायचं. म्या माझं ताट, माझी भाकरी माझ्या हातानं घेतली असती. माळ माझी हाय, आक्का. मी ती तुमच्या भरवशावर ठेवली हुती."

बायडाबाईंनी मान खाली घातली. त्यांनी बहिणीची गोष्ट काढली नाही, ऑपरेशनची काढली नाही. "चुकलं," एवढंच म्हणाल्या.

केरबांचा राग मात्र उतरला नव्हता. ते शालूकडे वळले. "आणि तू गं? अंगावर कशाला घेतलंस? लई शाणी समजतीस?"

"तुमी आत्यास्नी बोलला असता."

"बोललोच असतो! आता बोलतोयच न्हवं!"

एवढं बोलून ते तरट उचलून आत गेले. दोघी परत निघाल्या. पण समोर बसलेले जे हमाल चार दिवस शालूचं नाव घेत होते, त्यांतला एकजण उठला आणि गाडीरस्ता ओलांडेपर्यंत त्यांच्यासोबत चालत गेला.

बाळासोला आता कळलंच. तो आईला म्हणाला, "मला सांगायचं न्हाय व्हय?" आणि लगेच मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्याची चौकशी करू लागला. बायडाबाई तयार होईनात. बहिणीचा डोळा त्यांच्या मनातून जात नव्हता. शालूनं सरळ सौदा मांडला.

"आत्या, चूल तुमची. मी काढून घेणार न्हाय, कुणाला काढू देणार न्हाय. पण वाढायचं आजपासनं माझ्याकडं. आणि पाऊस झाला की मिरजेला जायाचं."

"आणि डोळा गेला तर?"

"तर चूल हायच की. आत्ताबी बिनडोळ्यांचंच चाललंय तुमचं."

बायडाबाईंना यावर हसू आलं. मान्य केलं.

शालूनं माळ्यावरच्या बुट्ट्या काढल्या. मटणाच्या पंगतीची उथळ बुट्टी धड होती, माळकऱ्यांची मात्र किडली होती. ती स्वतः बुरूड गल्लीत गेली. ज्ञानूनं आधी तोंड फिरवलं. "प्लास्टिकवाल्यांची वाट चुकली जणू?" शालू म्हणाली, "वाट चुकली न्हाय, बुट्टी चुकली. दुहेरी काठाची पायजे, पैल्यासारखी. आणि सल निघाली तर तुम्हालाच पंगतीत बसवून खायला लावीन." ज्ञानूनं बुट्टी विणली, आणि प्रत्येक पट्टी काचेच्या तुकड्यानं तासून दिली.

एवढं झाल्यावर सगळंच प्लास्टिक जाणार असं मला वाटलं होतं. शालूनं फळी रिकामी करायला घेतली तेव्हा बायडाबाईंनीच अडवलं. "कांद्याला निळीच ऱ्हाऊ दे. कांदा काय, हाताला लागला की कळतोय. पाटीत सडायचा, हितं वारं लागतंय. लसूणबी ऱ्हाऊ दे." मिरच्या पुन्हा लिंपलेल्या बुट्टीत गेल्या, कारण प्लास्टिकच्या जाळीतून बिया गळत होत्या. तांबड्या आणि हिरव्या टोपलीत शालूनं परड्यात कपडे धुवायचा साबण आणि चिमटे ठेवले. भाकरीच्या जवळ मात्र प्लास्टिक परत आलं नाही. हा निवाडा सासू-सुनेनं मिळून केला, आणि मला तो कुठल्याही जाहिरातीपेक्षा व्यवहारी वाटला.

माळकरी एकेक करून परत आले. आधी दोघे, मग चौघे. केरबा शेवटी आले, जवळजवळ महिन्यानं. दारातच उभे राहून विचारलं, "भाकरी कुणाच्या हातची?"

"थापली आत्यांनी. वाढणार मी," शालू म्हणाली.

"बुट्टी?"

"ज्ञानूची. बगा पायजे तर."

त्यांनी खरोखरच वाकून बुट्टी बघितली. मग आपल्या पाटावर बसले. बायडाबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. केरबांनी त्या दिवशी रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त घेतली, असं शालूवहिनी सांगतात. मी मोजलं नाही.

दसरा झाल्यावर बाळासो आईला मिरजेला घेऊन गेला. ऑपरेशननंतर डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्या बरेच दिवस उताण्या पडून होत्या. तेवढे दिवस खानावळ शालूनं एकटीनं चालवली. मीरासाब रोज सकाळी येऊन पाणी भरून द्यायचा. प्लास्टिक आपण विकलं म्हणून हे झालं, असं त्यानं मनाला लावून घेतलं होतं. शालूनं त्याला सांगितलं, "तुमचं प्लास्टिक बरंच हाय, मीरासाबभाऊ. आमी ते नको तिथं ठेवलं." पण त्यानं पाणी भरायचं सोडलं नाही.

ऑपरेशन केलेला एक डोळा चांगला झाला. बायडाबाई जाड भिंगाचा चष्मा लावून परत आल्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकल्यावर फळीवरची निळी-पिवळी टोपली बघून म्हणाल्या, "अगं बया! एवढ्या भडक हायत व्हय ह्या?" शालू म्हणाली, "मग? इचलकरंजीची फ्याशन!"

वाढायचं काम त्यांनी परत मागितलं नाही. शालू वाढायची, त्या चुलीपुढं. पुढच्या बुधवारी केरबा पाटावर बसले, झुणका आला, दही आलं. शालू भाकरीची बुट्टी घेऊन आली तेव्हा केरबांनी तिला हातानंच थांबवलं.

"आक्का," ते चुलीकडे बघून म्हणाले, "आता दिसतंय न्हवं?"

"दिसतंय की."

"मग बसलासा काय? या, वाढा."

बायडाबाईंनी हात धुतले, पदर खोचला, शालूच्या हातातून बुट्टी घेतली. एक भाकरी काढून चष्म्याजवळ नेली. एक बाजू बघितली, उलटून दुसरी बघितली, मग कडेनं सगळीकडून फिरवून बघितली. सगळी रांग बघत होती.

"बगून झाली असंल तर ठेवा ताटात," केरबा म्हणाले. "भूक लागलीया."